सरकारला कळावं म्हणून लिहिलेलं पुस्तक

१८५२ साली युरोपच्या अगदी उत्तरेला एक सीमा बंद झाली. अलीकडे स्वीडनच्या राजाखालचा नॉर्वे, पलीकडे रशियाच्या झारच्या ताब्यातलं फिनलंड. नकाशावर ती रेघ आधीपासून होतीच, पण रेनडिअरचे कळप घेऊन ती ओलांडायला आता मनाई झाली. स्टॉकहोमला किंवा सेंट पीटर्सबर्गला बसलेल्यांच्या दृष्टीनं हा कारभाराचा एक किरकोळ मुद्दा होता. नॉर्वेतल्या काउतोकेइनोच्या पठारावर राहणाऱ्या सामी, म्हणजे या उत्तर प्रदेशातल्या मूळ रहिवाशांच्या, कुटुंबांचं मात्र निम्मं वर्षच त्यामुळे कापलं गेलं.

रेनडिअर पाळणाऱ्यांचं वर्ष कसं चालतं हे ठाऊक असल्याशिवाय ही गोष्ट नीट समजत नाही. हिवाळ्यात या जनावराला जगवते ती दगडफुलाच्या जातीची, जमिनीला बिलगून वाढणारी पांढुरकी लायकेन. ती बर्फाखाली असते आणि जनावर खुरानं बर्फ उकरून ती काढतं. त्यासाठी बर्फ भुसभुशीत हवा आणि हवा कोरडी हवी. असा हिवाळा मिळतो समुद्रापासून दूर, पूर्वेकडच्या जंगलांत. मध्येच थंडी ओसरून पाऊस झाला आणि पुन्हा गोठलं, तर बर्फावर काचेसारखा थर बसतो आणि खाली चारा असूनही कळप उपाशी मरतो. उन्हाळ्यात याच्या उलट. जंगलात डास जनावरांना सळो की पळो करून सोडतात, मग पश्चिमेला नॉर्वेच्या किनाऱ्याकडे जायचं. तिथे वारा असतो आणि कोवळं गवतही असतं. पिढ्यान् पिढ्या ही ये-जा चालू होती. १७५१ साली स्वीडन आणि डेन्मार्क-नॉर्वे यांनी आपसातली हद्द ठरवली, तेव्हा तहाला एक पुरवणी जोडून सामींचा कळपासह सीमा ओलांडण्याचा हक्क मान्य केला होता. पण पुढे १८०९ मध्ये फिनलंड स्वीडनकडून रशियाकडे गेलं. नव्या सत्तेशी नव्यानं बोलणी सुरू झाली, ती फिसकटली आणि फाटक बंद झालं.

त्याच वर्षी, ८ नोव्हेंबरला, काउतोकेइनोत रक्त सांडलं. लार्स लेवी लॅस्टाडियस हे त्या भागातले धर्मगुरू. त्यांच्या प्रवचनांतून उठलेल्या धार्मिक चळवळीनं अनेक सामींना दारूपासून तोडलं होतं, आणि आपल्याला कर्जात व व्यसनात बुडवणाऱ्यांविरुद्ध बोलायचं धैर्य दिलं होतं. त्या चळवळीतल्या एका जहाल गटानं गावावर चाल केली. दारू विकणारा व्यापारी कार्ल योहान रूथ आणि सरकारी अंमलदार लार्स योहान बुख्त यांना ठार मारलं, पाद्रीला फटके मारले. शेजारच्या वस्तीतल्या सामींनीच येऊन ही मंडळी आवरली. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १८५४ रोजी, अस्लाक हेट्टा आणि मोन्स सोम्बी या दोघांचा आल्टाजवळ शिरच्छेद झाला. त्यांच्या कवट्या अभ्यासासाठी म्हणून नॉर्वेच्या राजधानीतल्या शरीरशास्त्र संस्थेकडे गेल्या. त्या परत मिळून त्यांचं दफन व्हायला १९९७ साल उजाडलं. अस्लाकचा धाकटा भाऊ लार्स कोवळ्या वयाचा म्हणून देहान्ताच्या सजेतून वाचला. तुरुंगातल्या वर्षांत त्यानं बायबलच्या सामी भाषांतराचं काम केलं आणि त्या उठावाची हकिकतही लिहून ठेवली.

शिरच्छेद झाला तेव्हा काउतोकेइनोतच जन्मलेलं एक मूल सात महिन्यांचं होतं. त्याचं नाव योहान टुरी. सामी माणसानं सामी भाषेत आपल्या लोकांच्या ऐहिक जगण्याबद्दल लिहिलेलं पहिलं पुस्तक या टुरीचं. त्याच्या लेखनाकडे जायचं तर बंद झालेल्या त्या सीमेवरूनच जावं लागतं. तो ज्या परिस्थितीबद्दल पुढे लिहिणार होता, ती त्याच्या पाळण्याच्या आधीच तयार झाली होती.

नॉर्वेतून फिनलंडला जाता येत नव्हतं, तरी स्वीडनमधून अजून जाता येत होतं. म्हणून काउतोकेइनोच्या अनेक कुटुंबांनी स्वीडनच्या बाजूला, कारेसुआंडो परगण्यात बस्तान हलवलं. योहान तीन वर्षांचा असताना टुरी कुटुंबही तिकडे गेलं. पण सगळेच तिकडे गेल्यावर कारेसुआंडोची कुरणं किती पुरणार? गर्दी वाढली, तशी कुटुंबं आणखी दक्षिणेकडे सरकली. १८८०च्या दशकात टुरी मंडळी युकासयार्वी परगण्यात, तोर्नेत्रेस्क नावाच्या लांबलचक सरोवराच्या परिसरातल्या ताल्मा या पशुपालक समूहात येऊन मिसळली. हे सरोवर सत्तर किलोमीटर लांब आहे, आर्क्टिक वृत्ताच्या बऱ्याच उत्तरेला. ऐन हिवाळ्यात तिथे कित्येक दिवस सूर्य क्षितिजावर येत नाही. १८८९ मध्ये स्वीडन-फिनलंड सीमाही कळपांना बंद झाली. चाळीस वर्षांच्या आत दोन दारं लागली, आणि मधल्या पट्ट्यात माणसं आणि जनावरं एकमेकांवर रेटली गेली. सामी फिरस्ते आहेत, स्वभावानंच एका जागी टिकत नाहीत, असं तेव्हाचे अधिकारी लिहीत. टुरी कुटुंबाच्या या दोन स्थलांतरांमागे स्वभाव शोधायची काहीच गरज नाही. दोन्हींची कारणं सरकारी फायलींत आहेत.

योहानला शाळा अशी मिळालीच नाही. लॅस्टाडियसच्या चळवळीनं घरोघर नेलेल्या धार्मिक पुस्तकांमुळे अक्षरं ओळखीची झाली, आणि लिहिणं त्यानं स्वतःच्या पद्धतीनं बसवलं. सामी आणि फिनिश तो बोलायचा. स्वीडिश, म्हणजे ज्या सरकारच्या प्रजेत तो मोडत होता त्याची भाषा, त्याला फारशी येत नव्हती. कळप राखणारा म्हणूनही तो काही मोठा गणला जात नव्हता. त्याचा जीव होता शिकारीत, त्यातही लांडग्याच्या शिकारीत. रेनडिअर पाळणाऱ्याच्या लेखी लांडगा म्हणजे एका रात्रीत संसार मोडणारा शत्रू. जाड, मऊ बर्फ पडला की लांडग्याचे पाय रुततात आणि स्कीवरचा माणूस वर तरंगत राहतो. तेवढ्याच अवधीत त्याला गाठायचं. अंगावरचे जड कपडे वाटेत टाकून देत, छाती फुटेस्तोवर धावायचं आणि हातातल्या काठीनं वार करायचा. टुरी हे करायचा. या शिकारीचं वर्णन त्याच्या पुस्तकात येतं तेव्हा भाषेची गतीही वाढल्यासारखी वाटते, आणि धावणाऱ्याच्या शरीराची पुढे कशी वाट लागते हेही तो लपवत नाही.

पन्नाशीला आला तरी त्यानं लग्न केलं नव्हतं. शिकारी, कोळी, गोष्टी सांगणारा आणि औषधपाण्याची माहिती असलेला माणूस, अशी त्याची ओळख होती. आणि मनात एक पुस्तक होतं.

या सुमारास त्याच्या प्रदेशात लोखंड शिरलं. युकासयार्वीच्या पश्चिमेला कीरुनावारा आणि लुओसावारा या दोन डोंगरांत लोहखनिजाचा प्रचंड साठा होता. १८९० मध्ये एल्‌काएबी ही खाणकंपनी उभी राहिली, शतक संपता संपता रेल्वे पोहोचली आणि १९०० साली कीरुना नावाचं शहर वसू लागलं. खनिज बारमाही न गोठणाऱ्या बंदरावर न्यायचं म्हणून रूळ तोर्नेत्रेस्कच्या दक्षिण काठानं पुढे नॉर्वेतल्या नार्विकपर्यंत टाकले गेले. राजा दुसरा ऑस्कर यानं १४ जुलै १९०३ रोजी त्या मार्गाचं उद्घाटन केलं. कळप ज्या वाटांनी उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम फिरत, त्यांतून आता आगगाडी धावू लागली.

योगायोग असा की त्याच १९०३ साली पुण्यात लोकमान्य टिळकांचा ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दीर्घ रात्र, लांबत जाणारी उषा, क्षितिजालगत फिरणारा सूर्य यांचे उल्लेख वेदांत शोधून टिळकांनी आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ असल्याचं मांडलं. मराठी वाचकाच्या मनात आर्क्टिकचं चित्र बरंच त्या ग्रंथानं घडवलं: दूरचं, प्राचीन आणि माणसांपेक्षा आकाशानं भरलेलं. त्याच काळात त्या दीर्घ रात्रीखाली खरोखर राहणारी माणसं काय भोगत होती, हे आपल्याकडे पोहोचायला वाव नव्हता. स्टॉकहोमलाही ते धड पोहोचत नव्हतं, मग पुण्याची गोष्टच वेगळी.

१९०४ च्या उन्हाळ्यात एमिली डेमांट ही एकतीस वर्षांची डॅनिश चित्रकार आपल्या बहिणीसोबत लॅपलंडच्या सहलीला आली होती. या नव्या रेल्वेनं तोर्नेत्रेस्ककडे जाताना तिची आणि टुरीची गाठ पडली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, म्हणून गाडीतला एकजण दुभाषा झाला. आपल्याला सामींबद्दल पुस्तक लिहायचं आहे, असं टुरीनं तिला सांगितलं. तिनं सांगितलं की तिला सामींसोबत त्यांच्यासारखं राहून पाहायचं आहे. प्रवासात माणसं असं पुष्कळ बोलतात. या दोघांनी मात्र बोललेलं खरं केलं.

डेमांटनं कोपनहेगनला जाऊन विल्हेल्म थॉमसेन या नामवंत भाषाशास्त्रज्ञाकडे सामी भाषेचे धडे घेतले. जून १९०७ मध्ये ती परत आली आणि योहानचा भाऊ अस्लाक व वहिनी सिरी यांच्या तंबूत राहू लागली. पाहुणी म्हणून नव्हे. शिवणकाम, सरपण, कळपामागे चालणं, सगळ्यात तिचा वाटा होता. पुढच्या वसंतात कारेसुआंडोच्या एका कुटुंबाबरोबर तिनं डोंगर ओलांडून नॉर्वेच्या किनाऱ्यापर्यंतचं स्थलांतरही केलं. या वर्षावर तिनं लिहिलेलं पुस्तक १९१३ साली आलं. तेही मोलाचं आहे, कारण शेकोटीभोवतीची बायकामुलं त्यात जशी दिसतात तशी तोवर कोणाच्याच लेखणीतून आली नव्हती.

१९०८ च्या शरद ऋतूत टुरी आणि डेमांट तोर्नेत्रेस्कच्या काठावरच्या एका रिकाम्या झोपडीत मुक्कामाला राहिले. इथे टुरीनं लिहायचं होतं. लिहिण्याआड येत होतं रोजचं जगणं. मासे धरायचे, लाकूड फोडायचं, कोणी आलं की गप्पा मारायच्या, आणि शिकारीचे दिवस आले की पाय घरात ठरायचे नाहीत. डेमांटनं स्वयंपाक आणि घरकाम अंगावर घेतलं, म्हणजे त्याचा हात वहीवर राहील. तो लिहून द्यायचा आणि ती वाचून शंका विचारायची. शब्दांची स्पेलिंगं त्याच्या मर्जीनं लिहिलेली असत, वाक्यांना विरामचिन्हांचा आधार नसे. ती पानं उलगडायची, विषयवार लावायची, डॅनिशमध्ये आणायची. तिच्यावाचून हे पुस्तक झालं नसतं. पण या खऱ्या गोष्टीचा पुढे बराच गैरवापर झाला, त्याकडे येतोच.

पुस्तक १९१० साली कोपनहेगनमध्ये छापलं गेलं. नाव ‘मुइतालुस सामिड बिरा’, म्हणजे सामींविषयीची कथा. सामी मूळ आणि डॅनिश भाषांतर एकाच ग्रंथात होतं, आणि सोबत टुरीची स्वतःची चित्रं. १९१२ मध्ये जर्मन, १९१७ मध्ये स्वीडिश आणि १९३१ मध्ये इंग्रजी आवृत्ती निघाली.

टुरीनं का लिहिलं हे त्यानं सुरुवातीलाच सांगून टाकलं आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सरकार सामींना मदत करू पाहतं, पण सामींची परिस्थिती त्याला नीट समजत नाही, कारण सामींना ती अधिकाऱ्यांसमोर नीट सांगता येत नाही. चार भिंतींच्या आत सामी माणसाची बुद्धी चालेनाशी होते, उघड्या डोंगरावर वाऱ्यात ती चालते. सामी आणि शेतकरी समोरासमोर अशा डोंगरावर भेटले तर सामीही आपली बाजू पटवून देऊ शकेल. तेव्हा सगळं एका पुस्तकात मांडलेलं असावं, म्हणजे कोणी उलटसुलट अर्थ लावून सामींवर दोष ढकलणार नाही.

मला हे निवेदन फार मोठं वाटतं. सरकारी कचेरीत गेल्यावर ज्याची जीभ अडखळते अशा माणसाचं दुःख यात आहे, पण ते गाऱ्हाणं म्हणून आलेलं नाही. वाद कुठे आणि कोणाच्या भाषेत होतो यावरच निकाल अर्धा ठरतो, हे टुरीला कळलं होतं. कचेरी त्याला बाहेर डोंगरावर आणता येत नव्हती, म्हणून त्यानं डोंगर कागदावर उतरवून कचेरीत पाठवायचं ठरवलं. आणि पहिलंच मोठं विधान त्यानं असं केलं की सामी दुसरीकडून कुठून आले असं कोणी ऐकलेलं नाही. ते पूर्वीपासून इथलेच, समुद्रकाठीही तेच होते, आणि वस्ती करायला आलेले लोक नंतरचे. त्या काळचे विद्वान सामींच्या ‘आगमना’चे सिद्धांत मांडत होते. टुरीनं एका वाक्यात हक्काचा पाया घातला.

मग तो वर्षभराचं काम सांगायला लागतो. वसंतात माद्या विताना कळपाशी कसं वागायचं, कोवळी पिल्लं असताना नदी कुठून ओलांडायची, वादळात कळप विखुरला तर शोध कसा घ्यायचा, कानाच्या खुणांवरून जनावर कोणाचं ते कसं ओळखायचं, दूध काढताना काय सांभाळायचं. थंडी-वाऱ्यात रात्रभर कळपापाशी उभ्या राहणाऱ्या बायकांबद्दल, ओल्या पायांनी चालणाऱ्या मुलांबद्दल तो लिहितो तेव्हा त्याचा स्वर हळवा होतो, पण सूचना तितक्याच नेमक्या राहतात. नॉर्वेतल्या वसाहतवाल्यांशी होणारे तंटे, गवत तुडवल्याचे आरोप, कळपावर सोडलेली कुत्री, हेही येतं. नंतर लग्नं, बाळंतपण, पाळणे, खेळ, आजार आणि त्यांवरचे उपाय. सामींची गायनपद्धत जोइक, तिच्याबद्दल तो असं सांगतो की माणसाची आठवण काढण्याची ही रीत आहे. पुढे दंतकथा येतात. लुटायला आलेल्या परक्या टोळ्यांना चकवणारे वाटाडे, स्टालू नावाचा अर्धा माणूस-अर्धा राक्षस, जमिनीखाली राहणारी देखणी माणसं. ज्याला हे पुस्तक विस्कळीत वाटतं त्यानं एकदा असा विचार करावा, की कळपाचं शास्त्र आणि भुतांच्या गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायची सवय आपली आहे. ज्या माणसाला अंधारात एकट्यानं कळप राखायचा असतो, त्याला दोन्हींची माहिती लागते.

चित्रंही तशीच. डोंगर, सरोवर, तंबू, रेनडिअरच्या लांबलचक रांगा, लांडग्यामागे धावणारी माणसं, सगळं एकाच पानावर, जणू उंचावरून पाहिल्यासारखं. एकेक जनावर बोटाच्या पेराएवढं, पण कळप कुठे वळतो आहे आणि राखणारे कुठे उभे आहेत हे अचूक दिसतं.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त विचार करायला लावतं ते त्यानं न लिहिलेलं. उपचारांच्या आणि सामी मांत्रिकांच्या विद्येपाशी आल्यावर टुरी वाचकाला स्पष्ट सांगतो की सगळं इथे लिहिता येणार नाही. हे पुस्तक जगभर जाणार आहे आणि प्रत्येक गोष्ट सगळ्यांच्या कानी पडणं योग्य नाही. विद्वान लोक त्यावर विश्वास ठेवणार नाहीत, हसतील, हेही त्याला ठाऊक आहे. आपला वाचक कोण, आपलं लिखाण कुठवर जाईल, त्यातून काय होईल याचा असा हिशेब करणारा माणूस ‘माहिती पुरवणारा’ नसतो. तो लेखक असतो. काय झाकायचं हे ठरवण्याचा अधिकार त्यानं स्वतःकडे ठेवला होता.

तरीही कित्येक दशकं त्याला लेखक मानलं गेलं नाही. अभ्यासकांनी पुस्तकाला वंशशास्त्राच्या कपाटात जागा दिली. निसर्गाच्या लेकरानं भाबडेपणानं सांगितलेलं काहीतरी, आणि त्याला आकार दिला तो शिकलेल्या डॅनिश बाईनं, असा सूर लागला. डेमांटनं क्रम लावला, संपादन केलं, टिपा लिहिल्या, भाषांतर केलं हे सारं खरं. पण संपादन कोणाच्या पुस्तकाचं होत नाही? एखाद्या युरोपीय कादंबरीकाराचं हस्तलिखित त्याच्या संपादकानं उलटंपालटं केलं तर कादंबरी संपादकाची ठरत नाही. टुरीच्या बाबतीत ती ठरवावीशी वाटली, यात त्याच्या लेखनाचा दोष नव्हता, वाचणाऱ्यांच्या समजुतीचा होता. डेमांटनं स्वतः मुखपृष्ठावर लेखक म्हणून त्याचंच नाव ठेवलं, आणि सामी मूळ भाषांतराच्या आधारानं नव्हे तर त्याच्या बरोबरीनं छापलं. हा तिचा मोठेपणा सांगायलाच हवा. पुढेही दोघांनी एकत्र काम केलं. योहान आणि त्याचा पुतण्या पेर यांनी लिहिलेल्या सामी मजकुरांचा संग्रह १९१८-१९ मध्ये तिनं संपादित केला.

पुस्तकाच्या खर्चाची कथा गुंतागुंतीची आहे. पैसे उभे केले ते याल्मार लुंडबोम यांनी. हे भूगर्भशास्त्रज्ञ म्हणजे एल्‌काएबीचे कीरुनातले प्रमुख, शहर वसवणारे आणि कलावंतांचे आश्रयदाते. सामींविषयी त्यांना खरी आस्था होती. ‘लॅप (म्हणजे बाहेरच्यांच्या भाषेत सामी) आणि त्यांचा देश’ अशा नावाची एक ग्रंथमाला त्यांनी काढली, तिची सुरुवात टुरीच्या पुस्तकानं झाली. १९१२ मध्ये कीरुनात बांधलेल्या लाकडी चर्चचा घाटही सामी झोपडीवरून घेतलेला. पण ज्या खाणीच्या नफ्यातून हे सगळं शक्य झालं ती खाण, तिचं शहर आणि तिची रेल्वे सामींच्या कुरणांवरच उभी होती. लुंडबोम चांगले होते म्हणून हा पेच नाहीसा होत नाही. टुरीनं त्यांची मदत घेतली, आणि जमीन जात असल्याचंही लिहिलं. दोन्ही गोष्टी त्यानं सारख्याच उघडपणे केल्या.

टुरी एकटाही नव्हता. १९०४ मध्ये, म्हणजे त्या रेल्वेभेटीच्याच वर्षी, एल्सा लाउला या तरुण सामी स्त्रीनं आपल्या लोकांच्या जमिनीच्या हक्कांवर स्वीडिशमध्ये एक खणखणीत पुस्तिका काढली होती. १९०६ मध्ये इसाक साबा हा सामी शिक्षक नॉर्वेच्या संसदेत निवडून गेला. ६ फेब्रुवारी १९१७ रोजी ट्रोन्हेममध्ये सीमेच्या दोन्ही बाजूंचे सामी पहिल्यांदा परिषदेसाठी जमले, आणि आज तोच त्यांचा राष्ट्रीय दिवस आहे. टुरीची वाट यांच्यापेक्षा वेगळी होती. तो सभेत उभा राहणारा नव्हता, पण बोलायचं होतं ते यांच्याच बाजूनं.

सरकारनं त्याचं ऐकलं का? १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला. नव्या राष्ट्राला आपल्या किनाऱ्यावरची शेती वाढवायची होती आणि स्वीडनकडून येणारे कळप त्याला नकोसे झाले. लांबलेल्या बोलण्यांनंतर १९१९ मध्ये दोन्ही देशांनी रेनडिअर चराईचा करार केला. नॉर्वेत जाऊ शकणाऱ्या जनावरांच्या संख्येवर कडक मर्यादा आल्या. मग स्वीडिश अधिकाऱ्यांनी कारेसुआंडोच्या कुटुंबांना दूर दक्षिणेकडे हलवायला सुरुवात केली, त्यांना विचारण्याची तसदी न घेता. उन्हाळ्याला नॉर्वेच्या किनाऱ्यालगतच्या नेहमीच्या बेटावर परत येऊ असं समजून निघालेले कित्येकजण पुन्हा कधी परतले नाहीत. १८५२ मध्ये टुरीच्या घराण्याच्या वाट्याला जे आलं, त्याची ही तिसरी आवृत्ती होती. या विस्थापितांची नातवंडं-पतवंडं आता लिहिती झाली आहेत. एलिन आना लाब्बा हिनं आपल्या पूर्वजांच्या या हुसकावणीवर लिहिलेल्या पुस्तकाला २०२० मध्ये स्वीडनचा मानाचा ऑगस्ट पुरस्कार मिळाला.

१९२२ मध्ये उप्साला इथे वंशजीवशास्त्राची सरकारी संस्था निघाली आणि सामींची डोकी मोजणं हे अधिकृत काम झालं. शाळेच्या बाबतीत धोरण असं होतं की फिरत्या सामींच्या मुलांना वेगळ्या, कमी शिक्षणाच्या शाळांत ठेवावं, म्हणजे ती सुखसोयींना सोकावणार नाहीत. आपल्या लोकांना काय समजतं आणि काय येतं याचा भरगच्च पुरावा टुरीनं दहा-बारा वर्षांपूर्वीच छापून दिला होता. तो पुरावा ज्यांच्यासाठी होता त्यांनी तो कौतुकानं वाचला आणि निर्णय घेताना बाजूला ठेवला.

टुरी लिहीत राहिला. त्याचं डोंगरातल्या जीवनावरचं शेवटचं पुस्तक १९३१ साली आलं, तेव्हा त्यानं पंचाहत्तरी ओलांडली होती. १९३६ मध्ये तो वारला. एमिली डेमांटनं लग्नानंतर हाट हे आडनाव घेतलं. आयुष्याच्या उत्तरार्धात तिनं त्या डोंगरांतल्या वर्षांची गडद रंगांतली चित्रं रंगवली आणि स्टॉकहोमच्या नॉर्डिक संग्रहालयाला दिली.

सामी वाचकांनी टुरी परत मिळवला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जेव्हा सामीत लिहिणाऱ्यांची नवी पिढी उभी राहिली. १९९१ मध्ये निल्स-अस्लाक वाल्केआपा या सामी कवीला नॉर्डिक परिषदेचा साहित्य पुरस्कार मिळाला, तेव्हा आपली लिखित परंपरा कुठे सुरू होते हे सांगताना बोट टुरीकडेच जात होतं. शंभर वर्षं झाल्यावर, २०१० साली, मिकाएल स्वोन्नी यांनी मूळ सामी संहिता आजच्या प्रमाण लेखनपद्धतीत संपादित करून काढली. तिथे टुरी डॅनिश संपादकाच्या वर्गीकरणातून थोडा मोकळा होऊन वाचायला मिळतो. विस्कॉन्सिनचे थॉमस ड्युबॉय यांनी थेट सामीवरून नवं इंग्रजी भाषांतर केलं. १९३१ चं इंग्रजी पुस्तक डॅनिशवरून झालेलं असल्यामुळे इंग्रजी वाचकाला टुरीचा स्वतःचा आवाज इथेच पहिल्यांदा मिळाला, असं म्हणायला हरकत नाही.

ताल्मा हा पशुपालक समूह आजही आहे. शेजारी गाब्ना नावाचा समूह आहे, त्याचे कळप कीरुनाच्या आजूबाजूनं जातात. भूमिगत खाणीमुळे शहराखालची जमीन खचू लागली, म्हणून कीरुनाचं जुनं केंद्र मोडून पूर्वेला नवं शहर बांधलं गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये तर १९१२ चं ते लाकडी चर्च अख्खं उचलून चाकांच्या गाड्यांवरून पाच किलोमीटर दूर नेलं, आणि तो सोहळा साऱ्या जगानं पाहिला. त्याआधी जानेवारी २०२३ मध्ये एल्‌काएबीनं जाहीर केलं होतं की पेर गेयर या शेजारच्या साठ्यात दुर्मीळ खनिजंही भरपूर आहेत, विजेवर चालणाऱ्या गाड्यांपासून पवनचक्क्यांपर्यंत सगळ्यांना लागणारी. गाब्नाच्या लोकांनी लगेच विरोध नोंदवला. त्यांच्या भूमीचा पट्टा एका बाजूनं जुन्या खाणीनं आणि शहरानं आधीच आवळलेला आहे. ही नवी खाण झाली तर हिवाळी जंगलं आणि उन्हाळी डोंगर यांच्यामधली कळपांची उरलेली वाटही तुटेल, असं ते आता सुनावण्यांत, कचेऱ्यांत, चार भिंतींच्या आत सांगत आहेत.